समक्ष केलेली सही

न्यूयॉर्कच्या डिटेक्टिव्ह कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने १ मार्च १९३८ रोजी क्लीव्हलंड शहरातील दोन तरुणांच्या नावे ४१२ डॉलरांचा जो धनादेश काढला, त्यातील १३० डॉलर 'सुपरमॅन' या नव्या पात्राच्या १३ पानी कथेचे, पानामागे १० डॉलर या चालू दराने होते. आणि त्याच रकमेत त्या पात्रावरील यच्चयावत् हक्कही प्रकाशकाच्या पदरात पडले. धनादेश लिहिणाऱ्याने दोघांचीही आडनावे अशुद्ध लिहिली होती, त्यामुळे जेरी सीगल आणि जो शुस्टर यांना कागदाच्या पाठीवर एकदा चुकीच्या नावाने व एकदा खऱ्या नावाने सही करावी लागली. पुढे हा धनादेश कोर्टकज्जात पुरावा म्हणून दाखल झाला, दप्तरात पडून राहिला, आणि २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरांना विकला गेला. कॉमिकच्या मुखपृष्ठावरील सहीला आज अमेरिकेत जो भाव येतो, जी सही मिळवून देण्याकरिता मध्यस्थ, साक्षीदार, प्रतवारी करणारे आणि मोहोर उठवणारे असा एक संपूर्ण व्यवसाय उभा राहिला आहे, त्याचा पूर्वेतिहास शोधू लागले असता तो या पाठीमागच्या सहीपाशी जाऊन पोचतो. कारण या धंद्यात निर्मात्याच्या सहीला प्रथम जी किंमत आली ती त्याचा हक्क काढून घेण्यापुरतीच होती.

दहा सेंटांना विकल्या जाणाऱ्या त्या चौसष्ट पानी चोपड्या ज्या पद्धतीने तयार होत, तीत कर्त्याचे नाव टिकण्याचा संभवच कमी होता. एकाने कथा लिहावी, दुसऱ्याने पेन्सिलीने रेखाटावे, तिसऱ्याने त्यावर शाई फिरवावी, चौथ्याने संवादांची अक्षरे भरावीत, आणि या सर्वांची मजुरी पानांच्या हिशेबाने चुकती व्हावी, असा तो कारखानदारीचा प्रकार होता. नाव छापले गेलेच तर तेही वास्तवाशी इमान राखून छापले जाई असे नाही. 'बॅटमॅन'च्या पानांवर चौकटीत बॉब केन यांची ऐटबाज सही वर्षानुवर्षे उमटत राहिली. परंतु १९५३ पासून १९६७ पर्यंत त्या सहीमागची बरीचशी चित्रे शेल्डन मोल्डॉफ नावाचा चित्रकार गुप्तपणे काढीत होता, आणि त्या पात्राच्या वेषभूषेपासून स्वभावापर्यंत पुष्कळ काही घडवणारे बिल फिंगर १९७४ साली वारले तेव्हा त्यांचे नाव सामान्य वाचकास ठाऊकही नव्हते. ते अधिकृतपणे केन यांच्या नावाशेजारी येण्यास २०१५ साल उजाडावे लागले. डिस्नेच्या बदककथांची तऱ्हा आणखी निराळी. तेथे सर्व कर्तृत्व एकट्या वॉल्ट डिस्ने यांच्या नावावर जमा होई, आणि वाचक मुले आपल्या आवडत्या अनामिकाला नुसते 'चांगला बदकवाला' म्हणून ओळखत. त्या चांगल्या बदकवाल्याचे नाव कार्ल बार्क्स आहे, हे काही चिवट वाचकांनी १९६० च्या सुमारास शोधून काढले व त्यांस पत्र पाठवले, तेव्हा कोणी सोबत्याने आपली थट्टा मांडली आहे असेच त्यांस प्रथम वाटल्याचे सांगतात.

मार्व्हल या प्रकाशनसंस्थेत स्टॅन ली यांनी साठच्या दशकात लेखक, चित्रकार, शाईकार व अक्षरकार यांची नावे पहिल्या पानावर थट्टेखोर विशेषणांसह छापण्याचा प्रघात पाडला, ही गोष्ट या इतिहासात लहान नाही. सही मागण्यास जायचे तर ती कोणाकडे मागायची हे आधी कळावे लागते. तथापि नावे पानावर आली तरी धनादेशाच्या पाठीवरचा मजकूर पालटला नव्हता. तेथे छापील शब्दांत नमूद केलेले असे की, हा धनादेश वटवण्यासाठी जो सही करील तो आपल्या कामावरील सर्व हक्क कंपनीस देत आहे. आणि घरभाडे थकलेल्या चित्रकारास तो मजकूर वाचत बसण्याची चैन परवडण्याजोगी नव्हती. १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्याचा अंमल १९७८ च्या आरंभी सुरू झाल्यावर लेखी करारनाम्याचे युग आले, आणि या पाठीवरच्या सह्यांचा जमाना ओसरला.

मुखपृष्ठावरच्या सहीची हकीकत याच्या समांतर, पण अगदी वेगळ्या वस्तीत सुरू होते. १९६४ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये कॉमिकप्रेमींचे पहिले संमेलन भरले, त्यास 'स्पायडरमॅन'चे चित्रकार स्टीव्ह डिटको हजर होते; १९७० च्या ऑगस्टमध्ये सॅन दिएगोतील एका हॉटेलाच्या तळघरात सुमारे ३०० माणसे जमली आणि त्यांच्यात चित्रकार जॅक कर्बी येऊन बसले. ज्या संमेलनास पुढे लाखाच्या वर माणसे लोटू लागली, त्याचा हा आरंभ. त्या दिवसांत सही मागणे म्हणजे ओळख करून घेणेच असे. पोराने हातातली चोपडी पुढे करावी, चित्रकाराने त्याचे नाव विचारून ते घालून सही द्यावी, वाटल्यास कोपऱ्यात एखादा चेहरा रेखाटून द्यावा, आणि या सर्वांचे मोल काहीच नसावे, असा तो व्यवहार होता. गंमत अशी की याच १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी जुन्या कॉमिकांचे दरपत्रक पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, आणि त्यात प्रतीची किंमत तिच्या अवस्थेवर ठरवण्याची पद्धत रूढ झाली. घडी, डाग, फाटलेला कोपरा, गंजलेली टाचणी यांच्या पंक्तीत मुखपृष्ठावरील कोणतेही हस्तलेखन हा दोष मानला गेला. जिच्यासाठी मूल तासभर रांगेत उभे राहिले तीच सही काटेकोर संग्राहकाच्या लेखी पुस्तक विद्रूप करणारी खूण ठरली.

आपल्याकडे या खटाटोपाला फारसा वाव नव्हता हे येथेच सांगून टाकावे. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ पासून वेताळ आणि पुढे मँड्रेक मराठी घरांतही वावरू लागले, १९६७ पासून अनंत पै यांची अमर चित्र कथा आली, आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या रेषांनी एका पिढीच्या डोळ्यांसमोर शिवाजी व राम उभे केले. पण त्या चोपड्या वाचून, परस्परांत फिरवून, अखेरीस रद्दीवाल्याच्या तागडीत जात, आणि मुळीकांच्या पुण्यातल्या घरी जाऊन मुखपृष्ठावर त्यांची सही घ्यावी असे त्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या मनात आले असेल. जी वस्तू जपून ठेवण्याची म्हणून कोणी पाहत नाही तिच्यावरच्या सहीला बाजार कोठून येणार?

अमेरिकेत तो बाजार आला तो नव्वदच्या दशकात, आणि तोही विपुलतेच्या संकटातून. १९९१ सालच्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांच्या आसपास प्रती दुकानदारांकडे रवाना झाल्या, आणि त्या घेणाऱ्यांतील कित्येकांचा समज असा की सुपरमॅन ज्यात प्रथम अवतरला त्या ३८ सालच्या 'अॅक्शन कॉमिक्स'प्रमाणे हाही अंक पुढे मुलाच्या शिक्षणाचा खर्च भागवील. ३८ सालचा अंक दुर्मिळ झाला तो लोकांनी तो फेकून दिला म्हणून. ९१ सालचा कोणी फेकलाच नाही. या भ्रमाचा फुगा फुटला, दुकाने धडाधड बंद पडली, आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. ज्या वस्तूच्या लक्षावधी अभिन्न प्रती जगात आहेत, तिच्यातील एक प्रत इतरांहून वेगळी करावयाची तर ते सामर्थ्य निर्मात्याच्या लेखणीतच होते. म्हणून सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या, सोबत सत्यतेचा छापील दाखला जोडलेल्या प्रतींचा व्यापार याच दशकात फोफावला. परंतु दाखला देणारा आणि माल विकणारा हे बहुधा एकच असत, आणि आपल्या मालाबद्दल वाईट दाखला देणारा व्यापारी अद्याप जन्मास यायचा आहे. खेळाडूंच्या सह्यांच्या धंद्यात याचा परिणाम आधीच दिसला होता: एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' या नावाने केलेल्या तपासात, १९९९ च्या धाडींनंतर, बनावट सह्या करणाऱ्यांची एक मोठी टोळी उजेडात आली, आणि त्यांच्या मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडू निघाले. त्या चेंडूंबरोबरही दाखले होतेच.

या पार्श्वभूमीवर २००० साली न्यू जर्सीत सीजीसी या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी कंपनी स्थापन झाली; पुढे तिने आपले बिऱ्हाड फ्लोरिडातील सारासोटा येथे हलवले. तिची मूळ कल्पना तिची स्वतःची नव्हती. नाण्यांची प्रतवारी करून ती पारदर्शक डबीत बंद करण्याची पद्धत १९८६ पासून कॅलिफोर्नियात रूढ झाली होती, १९९१ पासून खेळाडूंच्या चित्रपत्त्यांना तीच लागू झाली, आणि आता कॉमिकांची पाळी आली. विकणारा व घेणारा या दोघांहून तिसऱ्याने प्रत तपासावी, अर्ध्यापासून दहापर्यंतच्या मापावर तिला अंक द्यावा, आणि ती कठीण प्लास्टिकच्या पेटीत अशी मोहोरबंद करावी की पेटी फोडल्यावाचून आतील पान उलटता येऊ नये. त्या पेटीत गेलेले पुस्तक वाचता येत नाही, ही तक्रार पहिल्या दिवसापासून आजपर्यंत चालू आहे, आणि तिला उत्तर असे कोणी दिलेले नाही.

सहीचा प्रश्न या कंपनीने ज्या रीतीने सोडवला ती मात्र विचार करण्याजोगी आहे. अक्षराचे वळण ताडून पाहण्याच्या भानगडीत ती पडलीच नाही. सही खरी आहे की खोटी हे सहीकडे पाहून ठरवायचेच नाही, असा तिने निर्णय केला. कंपनीने नेमलेल्या साक्षीदाराच्या डोळ्यांदेखत सही झाली असेल, आणि त्या क्षणापासून ती प्रत मालकाच्या हाती परत न जाता साक्षीदाराच्या ताब्यातून थेट कंपनीत आली असेल, तरच पेटीवर पिवळ्या रंगाची चिठ्ठी लागे व तीवर कोणी, कोणत्या तारखेस सही केली हे छापले जाई. सही नसलेल्या प्रतीला साधी निळी चिठ्ठी. सबरजिस्ट्रारच्या कचेरीत खरेदीखत नोंदवताना लिहून देणाऱ्याच्या अक्षराची परीक्षा कोणी करीत नाही, त्याने आमच्या समक्ष सही केली एवढेच साक्षीदार सांगतात आणि तेवढ्यावर जमीन हस्तांतरित होते. त्याच न्यायाने येथेही कागदावरील शाईपेक्षा ती पडताना पाहणाऱ्या डोळ्यांना प्रामाण्य मिळाले.

पण न्यूयॉर्कच्या संमेलनास साक्षीदार हजर आहे आणि संग्राहक ओमाहात किंवा लंडनमध्ये बसला आहे, यावर उपाय काय? येथे अडत्या अवतरला. अमुक तारखेस अमुक चित्रकाराची बैठक आहे असे तो आधी जाहीर करतो. संग्राहक आपापल्या प्रती विमा उतरवून टपालाने त्याच्याकडे रवाना करतात. आणि चित्रकाराचे मानधन, अडत्याची अडत, प्रतवारीची फी, परतीचा टपालखर्च असा चौपदरी हिशेब चुकता करतात. प्रती आल्या म्हणजे त्यांतल्या काहींना उष्णतेच्या दाबयंत्रात घालून बारीक वळ्या मोडण्याचे काम होते, कारण सही कितीही खरी असली तरी प्रतवारीचा अंक अर्ध्याने घसरला तर मेहनत फुकट जाते. मग प्रत्येक प्रत पारदर्शक पिशवीत घालून, त्या पिशवीस सहीपुरती चौकोनी खिडकी कापून, ती मुखपृष्ठाच्या नेमक्या त्या जागेवर बसवली जाते जेथे सही व्हावी असे मालकाने लिहून कळवले आहे. चित्रकाराचा तळवा इतरत्र टेकू नये हाही त्यात हेतू. कोणत्या रंगाची शाई, साधा मार्कर की रंगाचे पेन, काळ्या आकाशावर चांदीची की पिवळ्या पार्श्वभूमीवर निळी, या सर्वांच्या सूचना सोबतच्या कागदावर असतात. टेबलाच्या एका बाजूस चित्रकार, दुसऱ्या बाजूस प्रती सरकवणारा अडत्या, मध्ये टक लावून बसलेला साक्षीदार: अशा बैठकीत शेकडो सह्या होतात. मालक काही महिन्यांनी आपली पेटी टपालातून सोडवून घेतो, आणि ज्याची सही त्याने मिळवली त्याचे दर्शनही त्यास घडलेले नसते.

या नियमातील कठोरपणाचा सर्वांत विलक्षण परिणाम भोगावा लागला तो मृतांना. शुस्टर १९९२ त, कर्बी १९९४ त, सीगल १९९६ त आणि केन १९९८ त निवर्तले. म्हणजे ज्या चौघांनी या कलेचा पाया घातला त्यांपैकी एकही कंपनीच्या जन्मापर्यंत हयात नव्हता, आणि त्यांची सही पडताना कंपनीचा साक्षीदार असणे कालत्रयी शक्य नव्हते. परिणामी एखाद्याने १९७५ च्या सुमारास खुद्द कर्बींच्या हातून, त्यांच्याशी दोन शब्द बोलून घेतलेली सही कंपनीच्या नियमाप्रमाणे मुखपृष्ठावरील अप्रमाणित लेखन ठरे, आणि तिला हिरव्या रंगाची, वैगुण्य दर्शवणारी चिठ्ठी मिळे. तर ज्याने कर्बींच्या एखाद्या पात्राशी दूरचा संबंध असलेल्या दूरचित्रवाणीवरील नटाची सही काल साक्षीदारासमोर घेतली, त्याची प्रत पिवळी होऊन निघे. नियम अन्यायाचा होता असे मी म्हणणार नाही. एकदा डोळ्यांची साक्ष हे प्रमाण धरले म्हणजे ते कर्बींसाठीही वाकवता येत नाही. परंतु जो बाजार निर्मात्यांचा गौरव करण्याच्या भाषेत बोलतो, त्याच्या वहीत खरे निर्माते हिरव्या खात्यात पडावेत, हे त्या बाजारास कधी फारसे खटकल्याचेही दिसले नाही. २०१४ साली, सीजीसीतच काम करून बाहेर पडलेल्या मंडळींनी सीबीसीएस ही प्रतिस्पर्धी कंपनी काढली व हस्ताक्षरतज्ज्ञांकडून जुन्या सह्या तपासून घेण्याची सोय केली. सीजीसीलाही पुढे त्या दिशेने पाऊल टाकावे लागले. डिटको यांचे प्रकरण वेगळेच. ते २०१८ पर्यंत जगले, न्यूयॉर्कमध्ये रोज काम करीत राहिले, पण १९६४ नंतर संमेलनांकडे त्यांनी पाठ फिरवली, मुलाखती देणेही पुढे बंद केले, आणि सह्यांच्या या बैठकांना तर ते कधीच बसले नाहीत. त्यांचा हा नकार मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत निर्मळ घटना वाटते. अर्थात बाजाराने त्यावरही उपाय केलाच, त्यांची जी थोडी हस्तलिखित पत्रे लोकांजवळ होती त्यांचे भाव वाढले.

डिटकोंच्या दुसऱ्या टोकास स्टॅन ली. ऐंशी आणि नव्वदीच्या घरातील हा वृद्ध गृहस्थ संमेलनामागून संमेलनात तासन् तास सह्या करीत बसे, आणि अडत्यांच्या खोकीच्या खोकी त्याच्यापुढून सरकत. पिवळ्या चिठ्ठीच्या वाढीस एका माणसाने सर्वाधिक हातभार लावला असेल तर तो यानेच. २०१६ साली त्यांनी स्वतः सांगितले की दृष्टी इतकी मंदावली आहे की आपणास आता कॉमिक वाचता येत नाही. तरी सह्या चालूच राहिल्या. २०१८ च्या एप्रिलमधील एका संमेलनात त्यांना स्वतःच्या नावाची अक्षरे शेजारच्याने सांगावी लागत असल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले आणि चाहत्यांत हळहळ व संताप उसळला. त्याच वर्षी त्यांच्या रक्ताचा अंश मिसळलेल्या शाईने ठशाद्वारे उमटवलेल्या त्यांच्या नावाच्या प्रती लास व्हेगासमध्ये विक्रीस असल्याचे वृत्त आले. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी ते वारले. पिवळ्या चिठ्ठीवर तारीख असते, हा तिचा एक अनपेक्षित गुण या बाबतीत दिसून येतो: सही कोणत्या महिन्यातली, हे पाहूनच जाणता संग्राहक ती घ्यावी की न घ्यावी हे ठरवतो, कारण साक्षीदाराने हात हलताना पाहिला तरी हात हलवणाऱ्याची इच्छा त्यामागे कितपत होती, याची नोंद करण्याचा रकाना त्या चिठ्ठीवर नाही.

२०२० च्या महामारीत सॅन दिएगोचे संमेलन पन्नास वर्षांत प्रथमच रद्द झाले, आणि चित्रकारांच्या घरी वा स्टुडिओत खोकी नेऊन होणाऱ्या खासगी बैठकांना त्यामुळे अधिकच जोर चढला. संमेलनाशिवायही हा धंदा चालतो, किंबहुना अधिक सुटसुटीत चालतो, हे तेव्हा सर्वांस कळून चुकले. २०२३ च्या अखेरीस मोहोरबंद पेट्यांतील मूळ प्रती काढून हलक्या प्रती आत घातल्याचे एक प्रकरण बाहेर आले, आणि प्लास्टिकवर विसंबणाऱ्यांची झोप काही काळ उडाली. या दोन्ही गोष्टींनी धंद्याच्या मूळ रचनेत फरक पडला नाही.

फरक पडला आहे तो दरात, आणि तो चित्रकारांनी स्वतः पाडला आहे. अनेकांच्या टेबलावर आता दोन दरांची पाटी असते: वाचकाचे नाव घालून सही हवी असल्यास ती विनामूल्य किंवा नाममात्र, आणि नाव न घालता, साक्षीदारासमोर, पेटीत जाण्यासाठी हवी असल्यास तिला इतके डॉलर. विक्रीच्या दृष्टीने पाहता 'बॉबीस सप्रेम' या दोन शब्दांनी प्रतीचे मोल उतरते, कारण पुढचे गिऱ्हाईक बॉबी नसते; म्हणून पहिल्या प्रकारची सही मागणारा बहुधा पुस्तक स्वतःजवळ ठेवणार असतो आणि दुसऱ्या प्रकारची मागणारा ते विकणार असतो, असा चित्रकाराचा सरळ हिशेब आहे. काही संग्राहक यावर रागावतात, सही ती सहीच, मग दोन भाव का, असे विचारतात. पण पुनर्विक्रीच्या नफ्यात अमेरिकेचा कायदा कॉमिकच्या चित्रकारास कपर्दिकही देत नाही; ज्या पेटीचे उद्या हजार डॉलर होतील तिच्यातील आपला वाटा त्यास आजच, टेबलावरच, रोख घ्यावा लागतो. सीगल आणि शुस्टर यांना १९७५ साली, बरीच जाहीर बोंबाबोंब झाल्यानंतर, सुपरमॅनच्या मालकांकडून वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलरांची तनखावजा रक्कम आणि नामनिर्देश मिळाला, तेव्हा शुस्टर जवळजवळ अंध झाले होते व सीगल कारकुनी करीत होते. त्यांच्या नंतरच्या पिढीतील एखादा सत्तरी ओलांडलेला शाईकार, ज्याला प्रकाशन कंपनीकडून निवृत्तिवेतन नाही, तो वर्षातून चार बैठका करून औषधपाण्याची व घरभाड्याची तरतूद करतो. आणि अडत्याने खोकी उतरवण्यापूर्वी पैसे मोजून ठेवावेत असा त्याचा आग्रह असतो.